पट्टा गप्प आहे

“लाइन बंद आहे हे कसं ओळखायचं?”

हा प्रश्न यादोराव टेंभुर्णे एकोणीस वर्षं विचारत आले होते. भंडाऱ्याच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे वीज कंपनीचं प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे ते लाइनमनना सुरक्षा शिकवत. प्रश्नाचं उत्तर पाच पायऱ्यांचं होतं: बंद कर, कुलूप लाव, तपास, अर्थिंग कर, मगच हात लाव. पूर्वीची पोरं चार पायऱ्या सांगून पाचवीला अडखळायची. आताच्या पोरांचं काम सोपं झालं होतं.

“पट्टा पाहाचा, सर,” गुणवंत लिल्हारे बसूनच म्हणाला. “पट्टा गप असला का लाइन बंद.”

“आणि पट्टा बिघडला तर?”

“मंग दुसरा मागवाचा.”

बावीस जणांची तुकडी हसली. यादोरावांनी हातातली बांबूची काठी टेबलावर आपटली. पोरं आणखी हसली, कारण म्हाताऱ्याचा हा आपटबार त्यांना आता पाठ झाला होता. शिकवताना काठी फळ्यावर फिरायची आणि बाहेर यार्डात गेलं की ती कामाची काठी व्हायची. कोणी विजेला चिकटला तर त्याला सोडवून बाजूला करायला कोरडा बांबू लागतो. या पोरांना ती काठी म्हणजे जुन्या काळातली छडी वाटे.

“तुमी उगाच टेन्शन घेऊन रायले सर,” गुणवंत समजुतीच्या सुरात म्हणाला. “मले पाहा. काही टेन्शनच नाही.”

यादोरावांचं दुखणं नेमकं तेच होतं. पण ते गुणवंतला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पट्टा वाईट होता असं मुळीच नाही. यादोराव चिडके होते, पण खोटारडे नव्हते. पट्टा येण्यापूर्वी त्यांच्या विभागात वर्षाला दहा-अकरा माणसं दगावायची. प्रत्येकाच्या घरी यादोराव स्वतः जाऊन आले होते. पट्टा आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात फक्त दोघं गेले. आठ-नऊ घरं वाचली, हे त्यांनी चारचौघांत कबूल केलं होतं.

यंत्र साधं होतं. आपल्या तारांमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावते. त्या हेलकाव्यामुळे तारेभोवतीच्या हवेतही विजेचं क्षेत्र थरथरत राहतं, आणि जवळ आलेल्या माणसाच्या अंगाला ती थरथर हलकीशी लागते. आपल्याला ती कळत नाही. दंडावरच्या पट्ट्याला कळते. ती जाणवली की पट्टा दंडातल्या नसेला असा काही चिमटा काढायचा की पोटात खड्डा पडून माणूस आपोआप दोन पावलं मागे सरायचा. तीन आठवडे हे रोज घडलं की मेंदू शिकायचा. मग पट्टा बोलण्याच्या आधीच उघडी तार बघून छाती धडधडायला लागायची. ज्या भीतीसाठी यादोराव घसा कोरडा करत, ती पट्टा एकवीस दिवसांत अंगात भिनवायचा.

पण भीती अंगात शिरली की ती काय फक्त खांबापुरती राहते? पहिल्या तुकडीतले लाइनमन घरातला मिक्सर लावेनात. एकाने बायकोला इस्त्री विकायला लावली. तुमसरचा एक गडी लग्नाच्या मांडवात रोषणाईखाली उभा राहीना, आणि लग्न त्याचंच होतं. युनियनने मोर्चा काढला. तेव्हा पट्टा बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात कानामागे बसवायचा शेंगदाण्याएवढा एक मणी होता. कानामागून एक नस जाते, तिचं थेट काळजाशी बोलणं असतं. ती ठरावीक लयीत हळूच छेडली की धडधड उतरते. विजेचं क्षेत्र नसेल तिथे मणी ही लय वाजवायचा. त्याला सगळे ‘दिलासा’ म्हणत, आणि या तुकडीतली पोरं तो पहिल्या दिवसापासून लावत होती. पूर्वी पट्टा गप्प असला तर गप्पच असे. आता तो गप्प असतानाही माणसाला आतून थोपटत राहायचा, की बाबा रे, सगळं ठीक आहे.

आणि मग मुंबईहून वीज कंपनीच्या मुख्यालयाचं पत्र आलं. यादोरावांनी ते तीनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. लाइनवरच्या प्रत्येक कामाला दोन माणसं लागत. एक काम करायचा, दुसरा खाली उभा राहून फक्त बघायचा. त्याने पाना धरायचा नाही, मोबाइल बघायचा नाही, तंबाखूसुद्धा मळायची नाही. वरच्या माणसाच्या हातांवर नजर ठेवायची, बस. लाइनमन त्याला बघ्या म्हणत. साहेब लोकांना बघ्या म्हणजे फुकटचा पगार वाटायचा. पट्टा आल्यावर त्यांना कारण मिळालं. या तुकडीपासून बघ्याचं पद रद्द. प्रशिक्षकाने शुक्रवारपर्यंत प्रत्येकाला ‘एकट्याने काम करण्यास पात्र’ म्हणून सही द्यावी.

सही यादोरावांची लागणार होती. आणि तो दिलासा देणारा मणी बनवला होता यादोरावांच्या पोरीने.

केतकी गुरुवारी दुपारी पुण्याहून आली. ती पट्ट्याच्या कंपनीत मोठी इंजिनियर होती आणि शुक्रवारच्या प्रमाणपत्र वाटपाला हजर राहणार होती. संध्याकाळी शालिनीबाईंनी झुणका-भाकर केली. पहिला घास होतो न होतो तोच बापलेकीची जुंपली.

“पंखा फिरत नसला म्हणजे लाइट गेली असं म्हणतो का आपण?” यादोराव म्हणाले. “पंखा बिघडलाही असू शकतो. बटण दाबून, टेस्टर लावून बघतो ना? तुझा पट्टा काही बोलत नाही म्हणजे वीज नाही, हे कुठलं शास्त्र?”

“बाबा, शंभरातल्या शंभर वेळा तो बरोबर ओळखतो. चाचण्या झाल्यात.”

“सोलरच्या वायरवर ओळखतो?”

केतकीने भाकरीचा तुकडा मोडला. “नाही. ते मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. छतावरच्या पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहते. ती हेलकावत नाही, त्यामुळे हवेत थरथर नाही, त्यामुळे पट्ट्याला ऐकू येत नाही. मॅन्युअलमध्ये एक्केचाळीसाव्या पानावर लिहिलंय, सोलरसाठी मीटरने वेगळी तपासणी करावी.”

“म्हणजे पाचशे व्होल्टच्या वायरीसमोर तुझा मणी माणसाच्या कानात अंगाई गातो.”

“तो अंगाई गात नाही. त्याला काही ऐकू येत नाही म्हणून तो नेहमीची लय वाजवतो. माणसाला डोकं आहे ना? माहिती आहे ना त्याला?”

“माहिती डोक्यात असते, केतकी. हात पुढे जातो तो डोक्याला विचारून जात नाही.”

“ते तुमच्या काळात. आताची मुलं शिकलेली आहेत. तुम्हाला ना, बाबा, बघ्या जातोय याचंच दुःख आहे.”

“जेवू द्या न तिले,” शालिनीबाई म्हणाल्या. “पोरगी चार महिन्यानं आली.”

यादोराव जेवू लागले. आता प्रत्येक गावात, प्रत्येक दुसऱ्या छतावर पॅनेल होतं. लाइनमनचं निम्मं काम त्या वायरींशीच होतं. हे पोरीला कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळत होतं, आणि त्यामुळेच बोलून उपयोग नव्हता. तिच्या दंडावर पट्टा होता, कानामागे मणी होता. दोन वर्षं ती दोन्ही रोज घालत होती. आपलं यंत्र आधी आपण वापरायचं, असा तिचा बाणा होता. तो यादोरावांनीच तिला शिकवला होता. लहानपणी सायकलवरून पडली तर तास तास रडणारी ही पोर हल्ली कधीच आवाज चढवत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. वय वाढलं, शहाणी झाली, असं ते समजत होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ठरवलं की सही करायची तर परीक्षा घेऊनच. यार्डात बारा पॅनेल एकापुढे एक जोडलेली होती, ऊन कडक होतं. त्यांच्या दोन टोकांच्या वायरी त्यांनी एका फळीवरच्या दोन उघड्या तांब्याच्या पट्ट्यांना चिमट्यांनी लावल्या. मीटर लावून पाहिला. पाचशे दहा व्होल्ट. फळीभोवती चारही बाजूंनी हातभर अंतर सोडून दोरी बांधली, पिवळी पाटी लावली. खटका पॅनेलच्या पलीकडे होता, दहा-बारा पावलांवर. स्वतः काठी घेऊन ते फळीपाशी उभे राहिले.

“दोरीच्या आत कोणी यायचं नाही,” त्यांनी बावीस जणांना सांगितलं. “एकेकाने पुढे यायचं, बघायचं आणि कागदावर लिहायचं. चालू का बंद. मीटर तिकडे टेबलावर ठेवलाय. ज्याला वाटेल त्याने मागायचा.”

एकामागून एक पोरं आली. दोरीपाशी उभी राहिली, चेहरे निवांत. कोणी मीटर मागितला नाही. कागद गोळा झाले तेव्हा बावीसच्या बावीस कागदांवर ‘बंद’ होतं. गुणवंतने तर खाली टीपही लिहिली होती, ‘सर, पट्टा गप आहे.’

यादोरावांनी मीटर आणून सगळ्यांसमोर लावला. आकडा दाखवला. पोरांनी तो पाहिला आणि माना डोलावल्या. एकाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. आपण आत्ता मेलो असतो, हे कळलेला माणूस दचकतो, ओशाळतो, निदान शिवी तरी देतो. ही पोरं पेपरातली बातमी वाचावी तशी तो आकडा वाचत होती.

“तुमाले भेव नाही वाटत?” वैतागून ते आपल्या गावाकडच्या बोलीवर आले. “अरे, काहीच नाही वाटत?”

“वाटाले पाहिजे, सर,” गुणवंत प्रामाणिकपणे म्हणाला. “पन नाही वाटत.”

तेवढ्यात केतकी ऑफिसातून तरातरा आली. पाहुणे येऊन बसले होते, हारतुरे तयार होते आणि तुकडी यार्डात उन्हात उभी होती.

“बाबा, हे काय चाललंय? अकराला कार्यक्रम आहे.”

“बावीसच्या बावीस नापास आहेत. मी सही करत नाही.”

“ही परीक्षा अभ्यासक्रमातच नाही. पट्टा ज्याच्यासाठी नाही त्याच्यावर तुम्ही त्याला नापास करताय.”

“पट्ट्याला नाही, माणसांना नापास करतोय. मीटर मागा म्हटलं, एकाने मागितला नाही. का नाही मागितला, सांग तू.”

“सांगते. पण आधी हे आवरा. पाचशे व्होल्ट उघडे ठेवून तमाशा करायचा आणि वर सुरक्षा शिकवायची, हे काही बरोबर नाही,” असं म्हणत केतकी दोरीखालून वाकून आत आली आणि दोन चिमटे काढायला तिने दोन्ही हात पुढे केले.

तिचं तोंड अजून बोलत होतं. पाचशे व्होल्ट हे शब्द आत्ताच तिच्या तोंडून गेले होते. हात मात्र घरातला टॉवेल दोरीवरून काढायला जावा तसे सहज गेले. उजव्या हाताची बोटं तांब्यापासून चार बोटांवर असताना यादोरावांची काठी तिच्या मनगटांवर बसली. दोन्ही हात एकदम खाली आपटले. दुसऱ्या झटक्यात त्यांनी काठी तिच्या छातीला आडवी लावून तिला दोरीबाहेर ढकललं. ती मातीत बसली.

यादोराव आधी पॅनेलच्या पलीकडे गेले. खटका पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, मीटर लावून आकडा शून्य झाल्याचं पाहिलं, अर्थिंगही केलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस हे सगळं सावकाश, एकही पायरी न चुकवता करत होता. मग ते पोरीशेजारी मातीत बसले.

“दोन हातांनी धरणार होतीस,” ते म्हणाले. “दोन्ही हातांनी. सरळ काळजातून गेली असती.”

“हो,” केतकी म्हणाली. तिने मनगट चोळलं. उजवं लाल झालं होतं. “बरोबर मारलंत. घाबरू नका बाबा, काही झालं नाही.”

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो ऐकून यादोरावांना जास्त भीती वाटली. त्यांनी तिच्या कानामागचा मणी ओढून काढला, दंडावरचा पट्टा सोडला. तिने मुकाट्याने काढू दिला. बावीस जण भोवती उभे होते आणि एकाचाही श्वास फुललेला नव्हता.

कार्यक्रम झाला नाही. यादोरावांनी बावीस नावांपुढे ‘अनुत्तीर्ण’ लिहून सही केली. पाहुणे चहा पिऊन गेले. जाताना त्यांनी यादोरावांना निवृत्तीला किती वर्षं राहिली तेही विचारलं.

दीड वाजता बापलेक ऑफिसात डबा उघडून बसले. शालिनीबाईंनी वांग्याची भाजी दिली होती. यादोरावांच्या हातातला पोळीचा तुकडा थरथरत होता, तोंडापर्यंत जात नव्हता. केतकीने दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी घेतली, लोणच्याची बाटली पुढे ओढली. आणि मग थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “मला भूक लागलीय.”

“मग जेव.”

“तसं नाही. अडीच तासांपूर्वी मी मरणार होते आणि मला भूक लागलीय. पट्टा काढून ठेवलाय, मणी तुमच्या खिशात आहे. आता तरी वाटायला पाहिजे ना काहीतरी?” तिने आपला हात टेबलावर पालथा ठेवून पाहिला. तो स्थिर होता. “मला माहीत होतं. मी स्वतः लिहिलंय ते पान. पाचशे व्होल्ट म्हणताना माझे हात पुढे जात होते आणि माझं एक बोटसुद्धा आतून कोणी मागे ओढलं नाही. आम्हाला वाटलं, दिलासा भीती फक्त थोडी कमी करतो. तो तर शिकवतो. अंग भीती शिकतं तशी निर्धास्तीही शिकतं.”

“किती दिवसांनी उतरतं हे?”

केतकीने लोणच्याची बाटली बंद केली.

“आम्ही ते मोजलंच नाही,” ती म्हणाली. “पट्टा काढायची वेळच कधी येणार नव्हती.”

“राज्यात किती जणांकडे आहे?”

“एक्केचाळीस हजार.”

तिने हात धुतले आणि पुण्याला फोन लावला. तिचे साहेब, ज्यांनी ही दुसरी आवृत्ती मंजूर केली होती, लगेच बोलायला आले. तिने आवाज स्पीकरवर टाकला आणि काय घडलं ते क्रमाने सांगितलं. बावीस कागद, पाचशे दहा व्होल्ट, आपले दोन हात, बापाची काठी. दिलासा आजच्या आज बंद करा म्हणाली. बघ्या परत ठेवायला वीज कंपनीला सांगा म्हणाली. एकही शब्द चुकला नाही, एकदाही आवाज कापला नाही.

मग साहेब हसल्यासारखे बोलले. “केतकी, तुझ्या बोलण्यावरून तरी फार गंभीर वाटत नाहीये. तू एकदम शांत आहेस. म्हणजे प्रसंग तसा आटोक्यात होता ना? सोमवारी मीटिंगमध्ये घेऊ. मीही सकाळपासून पट्टा लावूनच बसलोय, मला तर काळजीचं काही दिसत नाही.”

केतकीने आणखी एकदा सांगितलं. या वेळी आवाज चढवायचा प्रयत्न केला. नुसताच मोठा आवाज आला, त्यात काही नव्हतं. हे तिलाही ऐकू आलं. ती थांबली, समोर बसलेल्या बापाकडे तिने पाहिलं. त्यांच्या हातातला पोळीचा तुकडा अजून हलत होता.

तिने फोन त्यांच्यापुढे धरला.

“बाबा, तुम्ही बोला,” ती म्हणाली. “तुम्हाला अजून भीती वाटतेय.”